मुलींच्या गटाचा सेवाप्रकल्प : ठरवायचे कोणी?

मास्तरीणबाई :
नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात माध्यमिक शाळेत शिकवते आणि शाळेच्या गाइड पथकाचे (स्काउटच्या धर्तीवरील मुलींच्या गटाचे) काम पाहते. मुली दरवर्षी काही ना काही सेवाप्रकल्प करतात. बोरिंगभोवतीचा चिखल काढून शोषखड्डा करणे, कुंपणालगत झाडे लावणे, आठवडी बाजार उठल्यावर ओट्यांची सफाई करणे, अशी ही कामे असतात. ती चांगली होतात आणि गावही कौतुक करते. परंतु अहवालाच्या शेवटी आम्ही सर्वच शिक्षक 'यातून विद्यार्थिनींमध्ये नेतृत्वगुण विकसित झाले' असे लिहून मोकळे होतो, त्या वाक्याला आधार काय, हे मला या धाग्यावर विचारायचे आहे.

सर्वसाधारणपणे प्रकल्प शिक्षक ठरवतात, दिवस मुख्याध्यापक ठरवतात, सामान ग्रामपंचायत देते आणि मुली काम करतात. गाइड चळवळ 1910 साली सुरू झाली तेव्हापासून तिचा कणा वेगळा आहे : सहा ते आठ मुलींचा लहान संघ, त्यांच्यातलीच एक संघनायिका आणि सर्व संघनायिकांनी एकत्र बसून घेतलेले पथकाचे निर्णय. कागदावर हे सगळीकडे असते. प्रत्यक्षात संघनायिका म्हणजे रांग सरळ करणारी मुलगी. ग्रामीण विदर्भात कोणी मुलींच्या हाती खरोखर निर्णय देऊन पाहिला आहे का? कोणत्या कामात तो देता येतो? गट गाइडचाच असावा असे नाही. राष्ट्रीय सेवा योजना, अंगणवाडीचा किशोरी गट, कोणताही चालेल.

वऱ्हाडी_वाट :
बाई, प्रश्न योग्य ठिकाणी ठेवला आहे. मी अकोल्याकडच्या एका महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेत होते. ही योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. दोन वर्षांत 240 तासांचे काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर अशी तिची रचना आहे. आमच्या शिबिरात मुलांनी नाल्यावर वनराई बंधारा, म्हणजे माती भरलेल्या पोत्यांचा तात्पुरता बांध, घातला आणि मुलींनी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांची तोंडे शिवली. नंतर स्वयंपाकही मुलींनीच केला. बंधारा कोठे घालायचा, नाला कोठे अरुंद आहे, पाणी अडल्यावर कोणाच्या वावरात शिरेल, ही चर्चा काठावर उभे राहून मुले आणि गावातील पुरुष करत होते. आम्हाला ती रात्री जेवण वाढताना ऐकू आली.

त्यामुळे माझे मत असे की काम कोणते, यापेक्षा त्या कामातील कोणता भाग मुलींकडे आला, हे आधी तपासावे. त्याच बंधाऱ्याची जागा ठरवण्याचे काम मुलींना दिले असते, तर तेच शिबिर निराळे झाले असते.

नागपुरी_संत्रा :
नेतृत्वाची व्याख्या सोपी आहे. सरपंच आल्यावर छायाचित्रासाठी ज्या मुलीच्या हातात नवा कोरा झाडू दिला जातो, ती त्या वर्षाची नेता.

काळी_माती :
मी शेतकरी आहे आणि दोन मुलींचा बाप आहे, म्हणून थोडे कडू बोलतो. सोयाबीनची सोंगणी संपली की कापूस वेचणी लागते. वेचणी किलोवर असते, त्यामुळे घरात जितके हात तितके पैसे. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत शाळेच्या पटावर मुली असतात आणि प्रत्यक्षात पऱ्हाटीत असतात. घरी आल्यावर पाणी, भांडी, लहान भावंडे आहेतच. या मुलीला रविवारी सकाळी 'सेवा' करायला बोलावणे म्हणजे तिसरी पाळी लावणे होय. तिच्या वयाचा मुलगा त्या वेळी क्रिकेट खेळत असतो आणि त्याला कोणी सेवेचे महत्त्व सांगत नाही. मुलींना सेवा शिकवण्याची गरज नाही. ती त्यांच्याकडून जन्मापासून करून घेतली जाते. त्यांना मोकळा वेळ द्या, नेतृत्व त्या आपसूक दाखवतील.

मास्तरीणबाई :
काका, हा आक्षेप मी टाळणार नाही. आमच्याकडे पथकाचे काम शाळेच्या वेळातच ठेवतो आणि वेचणीच्या दिवसांत मोठा उपक्रम घेत नाही. तरीही तुमचे म्हणणे उरतेच. झाडू, पाणी, रांगोळी ही घरचीच कामे गावाच्या नावाने पुन्हा मुलींना देणे, याला प्रकल्प म्हणावे का, हा माझ्याही प्रश्नाचाच एक भाग आहे.

झाडीपट्टी :
आमचा भाग गडचिरोलीचा, म्हणून मेंढा (लेखा) या गावाचा दाखला देतो. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही तिथली घोषणा सर्वांना ठाऊक आहे. 2009 साली त्या गावाला सामूहिक वनहक्कही मिळाले. परंतु घोषणेच्या मागे जे काम होते, त्याकडे कमी लक्ष जाते. तिथे अभ्यासगट होता. एखाद्या विषयाची माहिती आधी गटात बसून समजून घ्यायची, निर्णय मात्र ग्रामसभेने सर्वसहमतीने घ्यायचा, अशी ती रीत. अभ्यास करणाऱ्यांना निर्णयाचा वेगळा अधिकार नाही, पण त्यांच्या अभ्यासाशिवाय निर्णयही नाही.

मुलींच्या गटाला ही जागा फार चांगली शोभते. अठरा वर्षांखालील मुलीला ग्रामसभेत मत नाही; पण गावाकडे नसलेली माहिती तिच्या वहीत असेल, तर तिला बोलावावेच लागते. म्हणून माझी सूचना अशी की प्रकल्प सफाईचा न घेता मोजणीचा घ्यावा.

पाणीवाली_ताई :
झाडीपट्टी यांच्या मोजणीच्या सूचनेला माझा अनुभव जोडते. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याच्या संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. मी आमच्या गावातील त्या पाचजणींपैकी एक आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे, हे येथे सांगायला नको. दातांवरचे पिवळे-तपकिरी पट्टे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. मी नववी-दहावीच्या मुलींना बरोबर घेऊन गावातील बोरिंगांची तपासणी सुरू केली.

कृती अवघड नाही. परीक्षानळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचे, रसायन टाकायचे, थोडे थांबायचे आणि आलेला रंग तक्त्याशी जुळवायचा. रंग लालसर गुलाबी राहिला तर फ्लोराइड कमी. पिवळ्याकडे झुकला तर जास्त. लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. अडचण आली ती देवळाजवळच्या बोरिंगवर. एका मुलीला तो रंग एकाच्या आतला वाटला, दुसरीला दीडच्या वरचा. दोघीही हटेनात. मी मुद्दाम बोलले नाही. मग त्यांच्यातलीच एक, एरवी फारसे न बोलणारी, म्हणाली की तिसरीला बोलवा, पण आपण काय वाचले ते तिला सांगायचे नाही, आणि नळी उन्हात न धरता सावलीत पांढऱ्या कागदासमोर धरायची. तिसरीने दीडच्या वर सांगितले. तेव्हापासून प्रत्येक बोरिंगवर तीन वाचने स्वतंत्र घ्यायची, हा नियम त्यांनी स्वतःच केला आणि वहीत तीन रकाने आखले.

खरी कसोटी पुढे होती. ग्रामपंचायतीत गेल्यावर एक सदस्य म्हणाले, 'पोरींच्या रंगावरून आम्ही बोरिंग बंद करायची का?' त्यावर ती मुलगी म्हणाली, 'बंद करा म्हणत नाही. आमची तपासणी प्राथमिक आहे. जलसुरक्षकाकडून नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवा.' नमुना गेला. प्रयोगशाळेचा निकाल काय आला यापेक्षा या धाग्यासाठी मला हे महत्त्वाचे वाटते, की आपल्या माहितीची मर्यादा तिला माहीत होती आणि म्हणूनच समोरच्याला नाही म्हणता आले नाही.

काळी_माती :
ताई, हे मान्य. यात झाडूही नाही आणि भाषणही नाही.

नागपुरी_संत्रा :
निकाल काय आला ते तरी सांगा हो, नाहीतर झोप लागणार नाही.

पाणीवाली_ताई :
मर्यादेच्या वर आला. त्या बोरिंगवर 'पिण्यासाठी वापरू नये' असे लिहिले आहे. धुण्या-भांड्यासाठी ती सुरू आहे. लिहिलेले पुसले जाते, मुली पुन्हा लिहितात.

चिमूरकर :
मोजणी, अर्ज, प्रयोगशाळा हे सर्व ठीक आहे, पण मला या चर्चेत एक गोष्ट खटकते. सेवा आणि नेतृत्व यांची सांगड आपण गृहीत धरतो आहोत. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातील बायका पुढे आल्या त्या सेवेतून नव्हे, लढ्यातून. डिसेंबर 2010 मध्ये दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर महिलांचा पायी मोर्चा गेला. 1 एप्रिल 2015 पासून जिल्ह्यात बंदी लागू झाली आणि 2021 मध्ये ती उठवलीही गेली. बंदी योग्य की अयोग्य हा वाद येथे नको. सांगायचे ते इतकेच की त्या काळात ज्या बायका पोलीस ठाण्यात, तहसीलमध्ये उभे राहायला शिकल्या, त्यांच्यापैकी काही पुढे ग्रामपंचायतीत निवडून आल्या. सेवाप्रकल्पातील मुलगी कोणाला दुखवत नाही, म्हणून ती सर्वांना आवडते. नेतृत्व शिकायचे तर कोणाची तरी नाराजी पत्करावी लागते.

वऱ्हाडी_वाट :
चिमूरकर, सेवा आणि प्रश्न विचारणे यांत तुम्ही भिंत उभी करता आहात. आमच्या अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा आधी गाव झाडत आणि रात्री त्याच गावाला कीर्तनात प्रश्नांवर प्रश्न विचारत. सकाळी ज्याने गटार साफ केले, त्याने रात्री विचारलेला प्रश्न गावाला झटकता येत नसे. मुलींनाही आपण झाडूच्या पुढे जाऊ देत नाही, ही अडचण आहे. शिवाय पाणीवाली_ताईंच्या गावात सदस्य नाराज झालेच होते की.

अंगणवाडी_क्रमांक_दोन :
मी सेविका आहे. किशोरी गटांचे बरेच प्रयोग आमच्या हातून गेले. 2010 मध्ये केंद्राची सबला योजना आली, 11 ते 18 वयाच्या मुलींसाठी. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत युनिसेफच्या साहाय्याने दीपशिखा कार्यक्रम चालला, त्यात गावातील तरुण मुलगीच प्रेरिका म्हणून गट चालवत असे. योजना येतात आणि जातात. पण ज्या ठिकाणी गट चालवणारी मुलगी गावातलीच होती, तिथे काहीतरी मागे उरले, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

एक लहान काम सुचवते. लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा देतात. ती किती मुली खरोखर गिळतात आणि किती खिशात ठेवतात, हे शिक्षकांना कळत नाही, मैत्रिणींना कळते. आमच्या गटातील मुलींनी शोधले की उपाशीपोटी घेतल्याने मळमळते, म्हणून मुली गोळी टाकून देतात. आणि गोळीवाटप प्रार्थनेनंतर लगेच होत असे. वेळ बदलून पोषण आहारानंतर करा, असे त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितले. तेवढ्याने फरक पडला. यासाठी पैसा लागला नाही, पाहुणेही बोलवावे लागले नाहीत.

गटातील मुलींनी एक बालविवाहही थांबवला होता. तेही नेतृत्वच म्हणावे.

गावकूस :
ताई, कामाचे कौतुकच आहे, पण शेवटच्या वाक्याबद्दल स्पष्ट बोलतो, कारण अशा बातम्या वाचून इतर गट उत्साहाने तेच करू पाहतात. बालविवाह रोखण्याची जबाबदारी कायद्याने मोठ्या माणसांवर आहे. 2006 च्या कायद्याखाली आपल्या राज्यात गावपातळीवर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो आणि अंगणवाडी सेविका त्याची साहाय्यक. मुलींनी 1098 या मुलांसाठीच्या मदतक्रमांकावर कळवावे, आपल्या विश्वासातील शिक्षिकेला सांगावे आणि तेथे थांबावे. लग्नघरी जाऊन उभे राहणे हे पंधरा वर्षांच्या मुलीचे काम नव्हे. त्या मुलीला त्याच गावात, त्याच गल्लीतून रोज शाळेत जायचे असते.

अंगणवाडी_क्रमांक_दोन :
आपले म्हणणे बरोबर आहे. आमच्याकडे मुलींनी मला सांगितले होते आणि पुढचे मी व ग्रामसेवकांनी पाहिले. मुलींचे नाव कोठेही येऊ दिले नाही. वर ते लिहायचे राहिले.

गावकूस :
मग हे उदाहरण उत्तमच आहे. आता मूळ प्रश्नाकडे येतो. मुलींना एक गोष्ट जरूर शिकवावी, आणि ती म्हणजे अर्ज देऊन पोच घेणे. अर्ज दोन प्रतींत लिहायचा, विषय एकच ठेवायचा, मागणी एका वाक्यात सांगता आली पाहिजे. ग्रामपंचायतीत तो दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. 'ठेवून जा, पाहतो' असे उत्तर मिळते, तेव्हा नम्रपणे तेथेच उभे राहून 'साहेब, तेवढा शिक्का द्या' असे म्हणता येणे, हे मोठमोठ्या माणसांना जमत नाही. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. त्यातून काय केले, हा प्रश्न मुलींच्या गटाने लेखी विचारला, तर कोणीही त्याला उद्धटपणा म्हणू शकणार नाही. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. तिथे आयांमार्फत विषय मांडता येतो.

निळी_बस :
माझे टोपणनाव पाहून कळले असेलच. मानव विकास कार्यक्रमातील निळ्या एसटीने मी आठवी ते बारावी शिकले. मुलींना त्या बसचा प्रवास मोफत असतो, पण आमच्याकडे ती बस शाळेची घंटा झाल्यावर पोहोचत असे आणि पहिला तास गणिताचा होता. तक्रारी तोंडी अनेकांनी केल्या होत्या. आमच्या गटाने बसमध्येच एक वही ठेवली. जी मुलगी पहिल्या थांब्यावर चढे ती निघाल्याची वेळ लिही, जी शेवटी उतरे ती पोहोचल्याची. मध्ये कोठे वेळ जातो, हे वहीतून दिसले : एका फाट्यावर ही बस दुसऱ्या गाडीची वाट पाहत उभी राहत असे. वही आणि अर्ज घेऊन चौघीजणी आगार व्यवस्थापकांकडे गेलो. त्यांनी आधी शिक्षकांना घेऊन या म्हटले. आम्ही म्हटले, शिक्षक बसने येत नाहीत, आम्ही येतो. वेळ बदलायला एक सत्र गेले, पण बदलली.

ही समाजसेवा आहे का, असे कोणी विचारेल. काम आमच्या स्वार्थाचे होते. पण त्या बसने फक्त आम्ही चौघी जात नव्हतो.

नागपुरी_संत्रा :
गणिताचा तास चुकत होता म्हणून तक्रार केली, हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आले. आमच्या वेळी आम्ही त्या वाहकाचा सत्कार केला असता.

पळसपान :
थोडे विषयांतर होईल, पण गट म्हटले की मला भुलाबाई आठवते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुलींनी घरोघर जाऊन गाणी म्हणायची, खिरापत ओळखायची. आज कोणाकडे जायचे, गाणे कोण उचलणार, नव्या मुलीला कसे सामावून घ्यायचे, हे सर्व मोठ्यांविना मुलीच ठरवत. नेतृत्वाचे शिक्षण आपल्याकडे नव्हते असे नाही.

कोलामपोड :
पळसपान, आठवण गोड आहे, पण तो गट सर्वांच्या घरी जात नव्हता. आमचे पोड, म्हणजे कोलामांची वस्ती, गावापासून हाकेच्या अंतरावर आहे. भुलाबाईचा आवाज आम्हाला ऐकू येई, भुलाबाई येत नसे. शाळेच्या पथकातही संघनायिका पोलीस पाटलाची किंवा दुकानदाराची मुलगी असते, कारण ती 'बोलकी' असते. बोलकी ती का असते आणि पोडावरची मुलगी गप्प का असते, याचा विचार कोणी करत नाही. मास्तरीणबाई, निर्णय मुलींच्या हाती देण्याआधी कोणत्या मुलींच्या हाती, हेही पाहावे. नायिकापद पाळीपाळीने फिरवले तर बरे, आणि प्रकल्पाची जागा निवडताना पोड, टोली, बेडा अशा गावाबाहेरच्या वस्त्यांचाही नंबर लागला पाहिजे.

पळसपान :
आपले म्हणणे मनापासून स्वीकारते. आमच्या आळीबाहेर आम्ही गेलो नव्हतो, हे खरे आहे.

चिमूरकर :
पद फिरवण्याला माझा विरोध आहे. दर महिन्याला नायिका बदलली तर कोणालाच काम पूर्ण करता येत नाही. निळ्या बसचे काम एक सत्र चालले.

कोलामपोड :
कामाची जबाबदारी कामापुरती एकीकडेच राहू द्या. फिरवायचे ते बैठक चालवणे आणि कार्यालयात बोलणे. आमच्या मुलींना नेमके तेच मिळत नाही.

मास्तरीणबाई :
सर्वांचे आभार. चर्चा वाचून मी पथकाच्या बैठकीत काहीही न सुचवता एवढेच विचारले, की गावात कोणत्या गोष्टीचा तुम्हाला रोज त्रास होतो. झाडे, स्वच्छता यांपैकी काही निघाले नाही. शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही आणि पाणी बादलीने न्यावे लागते, हे पहिले निघाले. दुसरे, शाळेपासून पोडापर्यंतच्या रस्त्यावर दिवे नाहीत. पोडावरून येणाऱ्या मुलीनेच ते सांगितले आणि अर्ज तिने वाचून दाखवावा असे इतरांनी ठरवले. कडीचे काम आठवड्यात होईल असे वाटते. दिव्यांसाठी कोणते खांब बंद आहेत, कोठे खांबच नाहीत, याची यादी मुली करत आहेत. मुख्याध्यापकांना मात्र काळजी आहे, की कडीचा विषय लेखी गेला तर शाळेचे नाव खराब होईल.

काळी_माती :
नाव कडीने खराब होत नाही, कडी नसल्याने होते. मुख्याध्यापकांना सांगा, पालक म्हणून मीही असाच अर्ज आमच्या शाळेत देतो आहे.

गावकूस :
कडीचा अर्ज शाळा व्यवस्थापन समितीकडे द्या आणि दिव्यांचा ग्रामपंचायतीकडे. दोन्ही एकाच कागदावर लिहू नका, नाहीतर दोन्हीकडे 'आमच्याकडचा विषय नाही' असे म्हणायला वाव मिळतो. यादीत प्रत्येक खांबावर रंगवलेला क्रमांक लिहा. क्रमांक नसेल तर जवळचे घर किंवा वावर लिहा.

मास्तरीणबाई :
क्रमांक काही खांबांवर आहेत, काहींवरचे पुसले गेले आहेत. यादी पूर्ण करायला मुली मंगळवारी शाळा सुटण्याआधीच्या तासाला जाणार आहेत, कारण बुधवारी आमच्याकडे बाजार असतो आणि ग्रामसेवक कार्यालयात बुधवारीच भेटतात.